सेकंदाला एक वीत! रिपलच्या गमतीजमती

इंग्रजी शब्दकोड्यात ‘छोटी लाट, सहा अक्षरं’ असं दिसलं की सरावलेला माणूस डोळे झाकून ‘रिपल’ लिहून मोकळा होतो. सात अक्षरं असतील तर ‘वेव्हलेट’. कोडं सुटतं, पण छोटी म्हणजे नेमकी किती छोटी? कोश उघडला तर तिथेही ‘पाण्यावरची लहानशी लाट’ एवढ्यावरच बोळवण.

या लाटेला मोजपट्टी लागली ती १८७१ साली, स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर. वारा पडला होता आणि एक शिडाची नौका जागच्या जागी रेंगाळत होती. नौकेचं नाव ‘लाला रूख’. हे नाव आपल्याकडचंच वाटतं, आणि तसं ते आहेही: थॉमस मूरच्या १८१७ सालच्या काव्याची ही नायिका, औरंगजेबाची कल्पित मुलगी. नौकेचे मालक विल्यम थॉमसन, म्हणजे पुढचे लॉर्ड केल्विन. सोबत त्यांचा भाऊ आणि जर्मनीहून आलेले मोठे शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ. असे तिघे जण वाऱ्याची वाट बघत बसले तर गप्पा हवापाण्याच्या कशाला होतील? त्यांनी मासे धरायची दोरी पाण्यात सोडली आणि तिच्याभोवती उठणाऱ्या लाटा न्याहाळायला सुरुवात केली. दोरीच्या पुढच्या बाजूला बारीक, दाट लाटा. मागच्या बाजूला लांब, ऐसपैस लाटा. एकाच दोरीच्या दोन बाजूंना दोन वेगळी राज्यं!

कारण असं. मोठी लाट वर उठली की तिला खाली ओढतं ते गुरुत्वाकर्षण. अगदी बारीक लाटेला सपाट करतो तो पृष्ठताण, पाण्याच्या पृष्ठभागाचा तो ताणलेल्या पडद्यासारखा गुण. या दोन राज्यांची सीमा पडते १.७ सेंटिमीटरवर. दोन शिखरांमधलं अंतर याहून कमी असेल तर ती रिपल, जास्त असेल तर ती लाट, असं केल्विन यांनी सुचवलं आणि भौतिकशास्त्राच्या ग्रंथांनी ते मान्य केलं. बोलताना मात्र कुणी पट्टी घेऊन फिरत नाही. बोलीभाषेत तळ्यावरची हातभर लांबीची लाटही रिपलच.

आता या सीमेवरची खरी गंमत. सीमेच्या वरच्या बाजूला जितकी लांब लाट तितकी वेगवान. खालच्या बाजूला बरोबर उलटं: जितकी आखूड लाट तितकी वेगवान. म्हणजे १.७ सेंटिमीटरची लाट ही सगळ्यांत मंद. तिचा वेग सेकंदाला २३ सेंटिमीटर. आपल्या जुन्या मापात सांगायचं तर सेकंदाला एक वीत! खोल पाण्याच्या पृष्ठभागावर याहून हळू लाट धावूच शकत नाही. बादलीत किंवा टबमध्ये बोट बुडवून एकसारख्या वेगाने, पण वितेपेक्षा हळू सरकवलंत तर बोटामागे लाटांचा पिसारा उठत नाही. वेग जरा वाढवा, की पिसारा हजर.

वाऱ्याची पहिली पायरी

शब्दकोड्यात रिपल आणि वेव्हलेट यांची अदलाबदल चालते, दर्यावर्दी लोकांत चालत नाही. वाऱ्याचा जोर सांगणारी बोफोर्ट श्रेणी ब्रिटिश नौदलातल्या फ्रान्सिस बोफोर्ट यांनी १८०६ च्या सुमारास आखली, तेव्हा ती शिडांवरून ठरवलेली होती. समुद्र कसा दिसतो याची वर्णनं तिच्यात नंतर आली. शून्य म्हणजे आरशासारखा समुद्र. एक म्हणजे माशाच्या खवल्यांसारखे दिसणारे रिपल, फेस अजिबात नाही, वारा ताशी पाचेक किलोमीटरपर्यंत. दोन म्हणजे वेव्हलेट: आखूडच, पण उठून दिसणाऱ्या लाटा, वारा ताशी सहा ते अकरा. म्हणजे समानार्थी म्हणून पाठ केलेले हे दोन शब्द खलाशाच्या लेखी दोन वेगळे हवामान अंदाज आहेत.

वाऱ्याची एखादी हलकी झुळूक शांत पाण्याच्या एका तुकड्यावरच रिपल उठवून जाते, त्या काळसर डागाला इंग्रज खलाशी ‘मांजराचा पंजा’ म्हणतात. शिडाची होडी चालवणारे आजही पुढची झुळूक कुठून येणार हे त्या पंजावरूनच ओळखतात.

फ्रँकलिनची जादूची काठी

पतंग आणि वीज हे प्रकरण शाळेत ऐकलेलं असतं. बेंजामिन फ्रँकलिनचा दुसरा नाद आपल्याला कुणी सांगत नाही. १७५७ साली जहाजातून प्रवास करताना त्याला दिसलं की ताफ्यातल्या दोन जहाजांच्या मागचं पाणी तेवढं गुळगुळीत आहे. कप्तानाला विचारलं तर तो म्हणाला, खानसाम्यांनी तेलकट खरकटं पाणी ओतलं असणार. फ्रँकलिनच्या डोक्यात हे घर करून बसलं. पुढे लंडनजवळच्या क्लॅपहॅमच्या तळ्यावर वाऱ्याने रिपल उठले असताना त्याने जेमतेम चमचाभर तेल ओतलं. बघता बघता अर्धा एकर पाणी आरशासारखं झालं.

यानंतर गडी तेल सोबत घेऊनच फिरायला लागला, तेही बांबूच्या काठीच्या पोकळ पेरात! एखादा ओढा किंवा तळं दिसलं की काठी झटकायची आणि पाणी शांत करून बघणाऱ्यांना थक्क करायचं. हा सगळा वृत्तान्त १७७४ साली रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात छापून आला.

त्याने एक साधा भागाकार मात्र केला नाही. चमचाभर तेल अर्ध्या एकरावर पसरलं, तर थराची जाडी येते मिलिमीटरच्या काही दशलक्षांशाइतकी. म्हणजे जवळजवळ एका रेणूची उंची! रेणू मोजण्याची किल्ली काठीत घेऊन हा माणूस हिंडत होता, आणि भागाकार व्हायला भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड रॅले यांची, म्हणजे १८९० सालाची वाट बघावी लागली. त्याच सुमारास जर्मनीतल्या ब्राउनश्वाइग गावी ॲग्नेस पॉकेल्स नावाची तरुणी घरच्या स्वयंपाकघरात, पत्र्याच्या साध्या तबकात पाणी घेऊन पृष्ठताणाचे प्रयोग करत होती. विद्यापीठाची पायरी तिला चढता आली नव्हती. तिने आपले निष्कर्ष रॅले यांना पत्राने कळवले. रॅले यांनी ते पत्र भाषांतरासह ‘नेचर’कडे धाडलं आणि १८९१ साली ते छापलं गेलं. त्या तबकाची सुधारलेली आवृत्ती आज जगभरच्या प्रयोगशाळांत आहे, फक्त नाव दुसऱ्याचं आहे.

वाळूतली नक्षी आणि हर्था बाई

रिपल पाण्यावर असतात तसे पाण्याखालीही असतात. ओहोटीच्या वेळी गुहागरच्या किंवा दिवेआगरच्या किनाऱ्यावर अनवाणी चालताना तळव्यांना ज्या बारीक वरंब्या टोचतात, त्या म्हणजे वाळूतले रिपल. या वरंब्या होतात कशा, याचं पहिलं नेटकं उत्तर देणाऱ्यांत एक नाव ठळक आहे आणि ते विसरलं जाऊ नये: हर्था एअर्टन.

१८५४ साली इंग्लंडमध्ये पोलंडहून आलेल्या एका ज्यू घड्याळजीच्या घरी जन्म. गणित शिकल्या, विजेच्या आर्क दिव्यांचा अभ्यास केला. हे दिवे फुसफुसतात का, या प्रश्नाचा छडा लावून १८९९ साली विद्युत अभियंत्यांच्या संस्थेत निवडून आलेल्या पहिल्या महिला सदस्य झाल्या. पुढे नवऱ्याच्या आजारपणामुळे समुद्रकिनारी मुक्काम पडला आणि तिथे त्यांची नजर वाळूच्या नक्षीवर गेली. घरी परतल्यावर काचेच्या टाक्यांत पाणी आणि वाळू घालून त्यांनी त्या हलवायला सुरुवात केली. असं दिसलं की एखादी जरा उंच वरंबी पाण्याला अडवते, तिच्या मागे भोवरा तयार होतो, तो भोवरा शेजारची वाळू खणून वरंबीवर चढवतो, आणि खणलेल्या खळग्यापलीकडे नवी वरंबी जन्म घेते. एकीतून दुसरी, दुसरीतून तिसरी.

१९०२ साली त्यांचं नाव रॉयल सोसायटीच्या फेलोपदासाठी सुचवलं गेलं. सोसायटीने वकिलांचा सल्ला घेतला आणि उत्तर आलं: विवाहित स्त्रीला सनदेनुसार फेलो होता येत नाही! त्याच सोसायटीत १९०४ साली त्या व्यासपीठावर उभ्या राहिल्या आणि आपला निबंध त्यांनी स्वतः वाचला. सोसायटीच्या इतिहासात स्त्रीने स्वतःचा निबंध वाचण्याची ती पहिली वेळ. विषय: वाळूतल्या रिपलचा उगम आणि वाढ. १९०६ साली सोसायटीने त्यांना ह्यूजेस पदक दिलं. पदकाला लग्नाची आडकाठी नव्हती, असं समजायचं! फेलोपद स्त्रियांना मिळालं थेट १९४५ साली. हर्था बाई तोवर हयात नव्हत्या.

गोष्ट इथे संपत नाही. पहिल्या महायुद्धात खंदकांमध्ये विषारी वायू साचून राहू लागला, तेव्हा त्यांनी भोवऱ्यांचं तेच गणित हवेला लावलं. कॅनव्हासचा, लांब दांड्याचा एक हातपंखा बनवला. जमिनीवर विशिष्ट लयीत आपटला की हवेचे भोवरे सुटायचे आणि वायूला खंदकाबाहेर हुसकायचे. असे सुमारे १ लाख ४ हजार पंखे पश्चिम आघाडीवर धाडले गेले. ते किती उपयोगी पडले यावर मतभेद आहेत. पण समुद्रकिनाऱ्यावरच्या नक्षीतून रणांगणावरचं साधन काढणारं दुसरं संशोधन पटकन आठवत नाही.

दगडात वाचा, मंगळावर वाचा

वाळूतली ही नक्षी गाळाखाली दबली आणि तिचा दगड झाला, की ती कोट्यवधी वर्षं टिकते. भूशास्त्रज्ञ तिच्यावरून जुनं हवामान सांगतात. वरंबीच्या दोन्ही बाजू सारख्या उताराच्या असतील तर पाणी तिथे मागेपुढे झुलत होतं, म्हणजे उथळ समुद्र किंवा तळं. एक बाजू सपाट आणि दुसरी उभी असेल तर वाहता प्रवाह, आणि तो गेला उभ्या बाजूच्या दिशेने. महाराष्ट्राचा बहुतेक भाग लाव्हाच्या कातळाचा, त्यामुळे सह्याद्रीत ही नक्षी शोधून हाती काही लागणार नाही. त्यासाठी बदामीच्या तांबड्या वालुकाश्माकडे जायला हवं. लेण्यांतल्या मूर्ती बघून झाल्या की पायाखालच्या आणि भिंतींच्या दगडाकडेही जरा बघा.

मंगळावर तर रिपलनी नासाला दोनदा थांबवलं. २००५ च्या एप्रिलमध्ये ‘ऑपॉर्च्युनिटी’ ही गाडी फूटभर उंचीच्या एका वाळूच्या रिपलमध्ये चाकं रुतून बसली. बाहेर निघाली जूनमध्ये, पाच आठवड्यांनी. त्या रिपलचं नाव पडलं ‘पर्गेटरी’, म्हणजे स्वर्ग आणि नरक यांच्यामधली अडकण्याची जागा. दुसरं थांबणं आनंदाचं होतं. २०२२ साली ‘क्युरिऑसिटी’ला डोंगराच्या उतारावर एका खडकात दोन्ही बाजूंना सारख्या उताराच्या वरंब्या सापडल्या. म्हणजे अब्जावधी वर्षांपूर्वी तिथे उथळ तळं होतं आणि त्याच्या पृष्ठभागावर लाटा उठत होत्या. मंगळावरच्या लाटेचा इतका स्पष्ट पुरावा आधी हाती आला नव्हता.

बेडूक गप्प, लाट चहाडखोर

पनामाच्या जंगलात टुंगारा नावाचा इवलासा बेडूक असतो. नर डबक्यात बसून गळ्याची पिशवी फुगवून मादीला साद घालतो. पिशवी फुगते-मिटते, तसे पाण्यावर रिपल उठतात. वरून बेडूकखाऊ वटवाघूळ आलं की बेडूक तत्काळ गप्प. पण पाणी गप्प होत नाही! आवाज थांबल्यावरही दोन-तीन सेकंद लाटा चालूच राहतात, आणि वटवाघूळ आपल्या आवाजाच्या प्रतिध्वनीवरून त्या लाटा हेरतं. संशोधकांनी खोटे बेडूक ठेवून हे तपासलं. नुसत्या आवाजापेक्षा आवाज आणि रिपल दोन्ही असलेल्या बेडकावर वटवाघळांचे हल्ले जास्त झाले. २०१४ साली ‘सायन्स’मध्ये हे प्रसिद्ध झालं.

पाण्यावर सराईतपणे घसरत जाणारे लांब पायांचे किडे तुम्ही विहिरीत पाहिले असतील. ते तर पायांनी मुद्दाम रिपल उठवून एकमेकांशी बोलतात. नराची लय वेगळी. समोरून तशी लय परत आली नाही की समोर मादी आहे असं समजायचं.

जवस, हातचा आणि चहूकडचा रिपल

इंग्रजीत याच स्पेलिंगचा एक दुसरा, साफ वेगळा शब्द आहे. लोखंडी दात्यांची मोठी फणी, जिच्यातून जवसाची ताटं ओढली की बोंडं गळून पडतात, तीही ‘रिपल’. युरोपात जवस मुख्यतः लिननच्या धाग्यासाठी, म्हणून बोंडं काढून टाकायची. आपण बोंडांसाठीच पीक घेतो आणि चटणी करतो. पाण्याचा रिपल मात्र सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्रजीत दिसू लागला. त्याचा उगम नक्की कुठला, यावर कोशकारांचं एकमत नाही.

विजेच्या उपकरणांत रिपल नकोसा असतो. घरातली वीज सेकंदाला ५० वेळा हेलकावते. चार्जरमध्ये ती सरळ करताना उरलेली थरथर म्हणजे रिपल. जुन्या रेडिओतून येणारी ती घुमणारी घरघर म्हणजे हाच, सेकंदाला १०० वेळा. न्यूझीलंडमध्ये मात्र हा पाहुणा मुद्दाम बोलावतात. मागणी वाढली की वीज कंपनी तारांतूनच एक वेगळा रिपल सोडते आणि घरोघरचे पाणी तापवायचे बंब आपोआप बंद होतात.

संगणकात दोन संख्या मिळवणाऱ्या सगळ्यांत साध्या मंडलाचं नाव ‘रिपल कॅरी’. कॅरी म्हणजे आपला हातचा. ९९९९ मध्ये १ मिळवून बघा, हातचा एका घरातून दुसऱ्या घरात कसा सरकत जातो ते. प्रत्येक घर आधीच्या घराच्या हातच्याची वाट बघतं, म्हणून हे मंडल स्वस्त पण संथ.

रॉकेटं एकदम न सोडता एकापाठोपाठ एक सोडली की सैनिकी इंग्रजीत त्याला ‘रिपल फायर’ म्हणतात. पुण्यात आराखडा झालेली पिनाका प्रणाली आपली १२ रॉकेटं अशीच ४४ सेकंदांत सोडते. व्हॅनिला आइसक्रीममध्ये रासबेरीच्या सरबताचे तांबडे पट्टे असले तर ब्रिटनमध्ये ते ‘रासबेरी रिपल’. रिपल नावाचं कूटचलनही आहे. त्याबद्दल इथे सल्ला नाही.

कॅनडातला धमाका

नावात रिपल आणि काम दैत्याचं, असं उदाहरण म्हणजे ‘रिपल रॉक’. कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या अरुंद सामुद्रधुनीत पाण्याखाली लपलेल्या या खडकाने शंभरावर माणसांचे बळी घेतले आणि कित्येक जहाजं फोडली. वरून सुरुंग लावायचे प्रयत्न प्रवाहाने हाणून पाडले. मग अभियंत्यांनी शेजारच्या बेटावरून समुद्रतळाखाली बोगदा खणला, खालून खडकाच्या पोटात शिरले आणि तिथे सुमारे १,२७० टन स्फोटकं भरली. ५ एप्रिल १९५८ रोजी स्फोट झाला. तो कॅनडाभर दूरदर्शनवर थेट दाखवला गेला, आणि अणुबॉम्ब सोडून माणसाने केलेल्या तोवरच्या सगळ्यांत मोठ्या स्फोटांत तो मोजला जातो.

मथळ्यातली लाट

‘रिपल इफेक्ट’ हा पत्रकारांचा लाडका शब्द. एका बँकेत गडबड झाली की बाजारभर रिपल. मराठी बातमीदार अशा वेळी ‘पडसाद उमटले’ लिहितो, म्हणजे इंग्रजीत जे डोळ्यांना दिसतं ते मराठीत कानांना ऐकू येतं. क्रिकेटच्या समालोचनात ‘टाळ्यांचा रिपल’ म्हणजे चार रसिकांनी दिलेली सभ्य दाद. वानखेडेवर जे होतं त्याला हा शब्द लावू नये.

राजकारणात या प्रतिमेची सगळ्यांत गाजलेली जागा अमेरिकी नेते रॉबर्ट केनेडी यांच्या भाषणात आहे. वर्णद्वेषी दक्षिण आफ्रिकेत, केपटाउन विद्यापीठात, अन्यायाविरुद्धची एकेक छोटी कृती म्हणजे आशेचा रिपल, अशा अर्थाचं ते बोलले. तारीख होती ६ जून १९६६. बरोबर दोन वर्षांनी, ६ जून १९६८ रोजी, गोळी लागलेल्या केनेडींचा मृत्यू झाला. आर्लिंग्टन इथल्या त्यांच्या समाधीस्थळी त्या भाषणातला उतारा कोरलेला आहे.

आणि सगळ्यांत दूरचा रिपल हिंगोलीशी नातं सांगतो. १४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेतल्या लायगो वेधशाळांनी दोन कृष्णविवरांच्या टकरीतून सुटलेल्या गुरुत्वीय लहरी टिपल्या. फेब्रुवारी २०१६ मध्ये घोषणा झाली आणि जगभरच्या वर्तमानपत्रांनी मथळा दिला: ‘अवकाशकाळातले रिपल’. मापाने बघाल तर ही लाट हजार किलोमीटरहून लांब. रिपल म्हणायचं ते तिच्या उंचीमुळे: चार किलोमीटर लांबीची नळी तिने हलवली ती प्रोटॉनच्या व्यासापेक्षाही शेकडोपट कमी. गोंगाटातून असा संकेत वेगळा काढायच्या पद्धतींचा पाया घालणाऱ्यांत पुण्याच्या ‘आयुका’तले संजीव धुरंधर आहेत. हिंगोली जिल्ह्यात औंढा इथे उभ्या राहायच्या लायगो-इंडियाला केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये सुमारे २,६०० कोटी रुपयांची मंजुरी दिली.

घरच्या घरी

एवढं वाचून हात शिवशिवत असतील तर नळापाशी जा. पाण्याची धार बारीक पण अखंड ठेवा आणि तिच्याखाली बोट धरून ते हळूहळू नळाच्या तोंडाकडे न्या. दोन-तीन सेंटिमीटर अंतर उरलं की बोटाच्या लगेच वर, धारेवर, एकाखाली एक कड्या दिसतील, अगदी स्थिर. पाणी खाली धावतंय आणि रिपल तेवढ्याच वेगाने वर चढतायत, म्हणून त्या जागच्या हलत नाहीत. धारेखाली बादली ठेवायला विसरू नका.